रायगड ते सालेकसा : दुभाष्यांचा मागोवा

महाराष्ट्राच्या नकाशावर बोट पूर्वेकडे सरकवत नेले की जिथे राज्य संपते तिथे गोंदिया जिल्हा लागतो. उत्तरेला मध्य प्रदेशातला बालाघाट, पूर्वेला छत्तीसगड, दक्षिणेला गडचिरोली आणि पश्चिमेला भंडारा. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा वयाने लहान असला तरी इथल्या बोली फार जुन्या आहेत. शाळेत मराठी, बाजारात हिंदी, घरी पोवारी, लोधी, छत्तीसगढी किंवा झाडीबोली, गोंदिया शहरात फाळणीनंतर आलेल्या कुटुंबांची सिंधी, आणि सालेकसा-देवरीच्या डोंगराळ पट्ट्यात गोंडी. या मुलखात एकच भाषा येणारा माणूस तसा दुर्मीळ. बाजारात धानाचा भाव ठरवताना कोणाचे अडत नाही. अडते ते कचेरीत, कोर्टात आणि दवाखान्यात. तिथे बोलणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या मध्ये तिसऱ्या माणसाला उभे राहावे लागते. राजांच्या, सरदारांच्या आणि साहेबांच्या चरित्रांत हा तिसरा माणूस ओझरता दिसतो. एखाद्या तहाच्या कलमाखाली किंवा एखाद्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्याचे नाव येते, पुष्कळदा तेही येत नाही. त्याचा माग काढत आपण मागे जाऊ, आणि शेवटी पुन्हा याच जिल्ह्यात येऊ.

सुरुवात करायची तर सालेकसा तालुक्यातल्या कचारगडापासूनच करावी. दरेकसा आणि धनेगावजवळच्या या डोंगरातल्या विस्तीर्ण गुहांना गोंड समाज आपले उगमस्थान मानतो. पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांच्या कथेतला काचीकोपा लोहगड तो हाच, अशी श्रद्धा आहे. माघ पौर्णिमेला इथे अनेक राज्यांतून लोक येतात. गोंडी एकाच नावाने ओळखली जात असली तरी आदिलाबादकडची गोंडी आणि बालाघाटकडची गोंडी यांत एवढे अंतर आहे की पुष्कळदा दोघे मध्येच हिंदीचा आधार घेतात. म्हणजे एकाच भाषेच्या माणसांनाही दुभाषी लागू शकतो, ही गोष्ट समजून घ्यायला यात्रेसारखी जागा नाही. पण कथा टिकवली कोणी? ती टिकवली परधानांनी. परधान हे गोंड कुळांचे भाट. ठरावीक काळाने यजमानाच्या घरी यायचे, तंतुवाद्याच्या साथीने कुळाची वंशावळ आणि देवांची कथा गायची, धान्य, कापड, जनावर असे दान घ्यायचे आणि पुढच्या घरी जायचे, असा हा पिढीजात व्यवसाय. विसाव्या शतकात ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हाइमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाने आदिलाबादच्या परधानांविषयी एक निरीक्षण नोंदवले आहे. हे लोक आपसांत मराठी बोलत, पण यजमानापुढे कथा गात ती गोंडीत. मला या मागोव्यातला पहिला दुभाषी इथे दिसतो. त्याला ना दरबार होता ना पगार. एका भाषेत जगायचे आणि दुसऱ्या भाषेतली स्मृती सांभाळायची, हे काम त्याने कोणाच्या हुकुमाशिवाय केले.

दरबारी दुभाष्याची वाट मात्र समुद्राकडून आली. १४९८ साली वास्को द गामाची माणसे कालिकतच्या किनाऱ्यावर उतरली तेव्हा त्यांची पहिली भेट झाली ती ट्युनिसकडच्या दोन मुसलमानांशी, आणि हे दोघे कॅस्टिलियन व जिनोवाची भाषा बोलत होते. इतके मैल तोडून आलेल्या पोर्तुगिजांना पहिला संवाद आपल्याच शेजारच्या भाषेत करायला मिळाला. पुढे गोव्यात १५१० नंतर राज्य बसले आणि दुभाषीपण हे सरकारी पद झाले. गोव्यातल्या सारस्वतांची अनेक घराणी पोर्तुगीज सरकारसाठी पत्रे वाचणे, उत्तरे लिहिणे, विजापूरला आणि मराठ्यांकडे जाऊन बोलणी करणे ही कामे पिढ्यानपिढ्या करत राहिली. इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकर यांनी अशा मध्यस्थांवर १९५२ साली स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला, म्हणून आज आपल्याला त्यांची नावे तरी ठाऊक आहेत. मद्रासकडे अशा माणसाला मोठा मान आणि मोठा पैसाही मिळे. पुदुच्चेरीत फ्रेंच गव्हर्नर डुप्लेचा दुभाषी असलेल्या आनंद रंग पिळ्ळैची १७३६ ते १७६१ या काळातली रोजनिशी हे त्या वैभवाचे सर्वांत तपशीलवार चित्र आहे.

पण मराठी वाचकाला ज्या दुभाष्याची आठवण यायला हवी तो रायगडावरचा. १६७४ च्या उन्हाळ्यात हेन्री ऑक्झिंडेन हा मुंबईकर इंग्रजांचा वकील गडावर आला. राजापूरची वखार लुटली गेली त्याची भरपाई आणि व्यापाराच्या सवलती, अशी त्याची मागणी होती. त्याच्यासोबत कंपनीचा दुभाषी होता नारायण शेणवी. हा नारायण शेणवी त्याच वर्षी आधीही गडावर जाऊन निराजीपंतांशी बोलून आला होता, त्यामुळे दरबारातल्या चालीरीती त्याला ठाऊक होत्या. ६ जूनला शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाचा सोहळा झाला. ऑक्झिंडेनने लिहून ठेवलेल्या वृत्तांतात एक क्षण फार जवळून दिसतो. इंग्रज मंडळी दरबारात शिरली, दुरूनच लवून उभी राहिली. सिंहासनापर्यंत आवाज पोहोचण्यासारखी परिस्थिती नव्हती. तेव्हा नारायण शेणव्याने नजर करायची हिऱ्याची अंगठी हात उंचावून धरली. महाराजांचे तिकडे लक्ष गेले आणि त्यांनी पाहुण्यांना सिंहासनाच्या पायरीपर्यंत जवळ बोलावले. त्या दिवशी एकही शब्द न उच्चारता नारायण शेणव्याने आपले काम केले. कोणत्या क्षणी काय करायचे हे ओळखणे हाही दुभाषीपणाचाच भाग, आणि तो कोणत्याही कोशातून शिकता येत नाही. त्याच जूनमध्ये तहाची कलमे मान्य झाली. महाराजांचे आणि ऑक्झिंडेनचे नाव सर्वांना माहीत आहे, नारायण शेणव्याचे किती जणांना?

रायगडावर त्या काळात भाषेचे दुसरेही एक काम चालू होते. रघुनाथपंतांनी राज्यव्यवहारकोश रचला. कारभारात रुळलेल्या सुमारे १३८० फारसी-दखनी शब्दांना त्यात संस्कृत पर्याय दिले होते. दुभाष्यांच्या इतिहासात अशी वळणे पुन्हा पुन्हा येतात. आधी माणूस भाषांतर करतो, मग राज्यकर्त्याला वाटते की हे शब्द पक्के करून ठेवावेत, म्हणजे त्या माणसावर विसंबायला नको. तिबेटात नवव्या शतकात राजाश्रयाने 'महाव्युत्पत्ती' हा संस्कृत-तिबेटी कोश तयार झाला तो याच गरजेतून. तिबेटचे नाव इथे सहज घेतलेले नाही. ती वाटही पुढे गोंदिया जिल्ह्यातच येऊन मिळणार आहे.

अठराव्या शतकात आपल्या या पूर्वेकडच्या मुलखावर नागपूरकर भोसल्यांचे राज्य आले. वैनगंगेच्या खोऱ्यात तेव्हा माणसांची मोठी सरमिसळ चालू होती. तलाव बांधणारे कोहळी होते, गोंड जमीनदार होते, कुणबी आणि लोधी होते. भोसल्यांच्या कटकच्या स्वारीत कामगिरी केलेल्या पोवारांना वैनगंगेकाठी जमिनी मिळाल्या आणि त्यांच्याबरोबर पोवारी बोलीही इथे स्थिरावली. दरबारात मराठी बोलली जाई, पण परराज्याशी पत्रव्यवहार फारसीत. त्यामुळे नागपुरात फारसी जाणणारा मुन्शी हा अपरिहार्य माणूस होता. इंग्रज आले तेही फारसीच्याच दाराने. १८०३ मध्ये इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या छावणीत त्याचा राजकीय सहायक माल्कम आजारी पडला आणि त्याच्या जागी आला तेवीस वर्षांचा माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. फारसी जाणणारा, बातम्या काढणारा, वकिलांशी बोलणारा. असईच्या लढाईत तो वेलस्लीच्या शेजारी घोड्यावर होता, अडगाव आणि गाविलगडही त्याने पाहिले. १७ डिसेंबर १८०३ ला देवगावचा तह झाला आणि पुढच्या वर्षी हाच माणूस नागपूरला रेसिडेंट म्हणून आला. १८१९ मध्ये तो मुंबईचा गव्हर्नर झाला. नारायण शेणव्याच्या काळात दुभाषी हा इंग्रजांचा नोकर होता. सव्वाशे वर्षांत दुभाष्याचे काम करणारा इंग्रजच राज्यकर्ता झाला. या मागोव्यातले हे सर्वांत मोठे वळण आहे असे मला वाटते, कारण इथून पुढे कोणाची भाषा कोणी शिकायची याचे उत्तरच बदलले.

कंपनीच्या पलटणींत देशी भाषेची परीक्षा देऊन दुभाष्याची जागा मिळवण्याची पद्धत होती. थॉमस कँडी अशाच मार्गाने मराठीकडे आला. १८१२ मध्ये सैन्यात भरती होऊन आलेला मोल्सवर्थ मराठीच्या परीक्षेसाठी शब्द टिपू लागला आणि ते टिपण वाढत वाढत १८३१ चा कोश झाला. कँडी बंधू त्यात त्याचे सहकारी होते. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत सुमारे ६० हजार शब्द आहेत. आज आपण ज्या कोशात अजूनही शब्द शोधतो तो मुळात सैनिकी दुभाष्यांच्या गरजेतून निघाला. शब्द सांगणारे, अर्थांचे बारकावे उलगडणारे शास्त्रीपंडित मात्र मुखपृष्ठावर आले नाहीत.

१८५३ मध्ये तिसरे रघूजी वारले, त्यांचे राज्य खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत अस्तित्वात आला. नागपुरात स्कॉटिश मिशनचे स्टीफन हिस्लॉप १८४५ पासून राहत होते. ते शाळा चालवत, खडक आणि जीवाश्म गोळा करत आणि गोंडांच्या भाषेची टिपणे घेत. त्यांनी एका परधानाच्या तोंडून लिंगोचे गीत उतरवून घेतले. गोंडी शब्द रोमन लिपीत, खाली शब्दाला शब्द ठेवून इंग्रजी अर्थ. सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाटाजवळ पुराच्या पाण्यात हिस्लॉप बुडाले. त्यांची टिपणे मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापून काढली. पाच वर्षांनी कॅप्टन फोर्सिथने आपल्या मध्य भारतावरील पुस्तकात त्याच गीताचे इंग्रजी पद्य केले आणि त्यासाठी अमेरिकन कवी लाँगफेलोच्या 'हायावाथा'ची चाल घेतली. म्हणजे लिंगोची कथा परधानाकडून पाद्र्याकडे, पाद्र्याकडून कमिशनरकडे, कमिशनरकडून कॅप्टनकडे गेली आणि शेवटी अमेरिकेतल्या आदिवासींवरच्या काव्याच्या ठेक्यात इंग्रज वाचकासमोर आली. या सगळ्या साखळीतला पहिला दुवा म्हणजे तो गाणारा माणूस. पुढच्या काळात अशा माणसाला 'माहिती देणारा' एवढेच म्हटले गेले.

मग रेल्वे आली. नागपूर-छत्तीसगड मार्ग १८८२ मध्ये राजनांदगावपर्यंत पोहोचला. पुढे तो बंगाल-नागपूर रेल्वेकडे गेला, रुंद झाला, कलकत्त्याला जोडला गेला. १९०३ ते १९०५ या काळात सातपुड्यातली नॅरोगेज बालाघाट-नैनपूरमार्गे जबलपूरला भिडली आणि १९०८ मध्ये नागभीड-चांद्याकडची लाइन सुरू झाली. गोंदिया चार दिशांचे जंक्शन झाले. बंगाली बाबू, तेलुगू कामगार, गुजराती आणि मारवाडी व्यापारी, छत्तीसगढी हमाल असे सगळे एका फलाटावर आले. धानाच्या गिरण्या आणि तेंदूपानांचा व्यापार वाढला तशी बाजारातली हिंदी सर्वांची झाली. तिला दुभाष्याची गरज उरली नाही, तीच दुभाषी झाली. गोंडी मात्र स्टेशनपासून दूर, जंगलात राहिली.

नेमक्या याच काळात सरकार बोलींची मोजदाद करत होते. ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणासाठी गावोगावच्या अधिकाऱ्यांना सांगितले होते की बायबलमधल्या उधळ्या पुत्राची गोष्ट स्थानिक बोलीत करवून घ्या आणि पाठवा. सोबत आणखी एक नमुना घ्यायचा. हे दुसरे नमुने चाळताना गंमत वाटते आणि थोडे वाईटही वाटते, कारण अनेक ठिकाणी तो नमुना म्हणजे आरोपीचा किंवा साक्षीदाराचा जबाब आहे. बोलीची सरकारशी गाठ नेमकी कुठे पडत होती ते त्यातून कळते. त्याच सुमारास रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जातिजमातींची माहिती जमवली. तिचे चार खंड १९१६ मध्ये निघाले, पण रसेल ते पाहू शकले नाहीत. त्यांचे जहाज ३० डिसेंबर १९१५ रोजी भूमध्य समुद्रात बुडवले गेले. हिरालाल इथल्याच मातीतले. मुखपृष्ठावर सहकारी म्हणून त्यांचे नाव आले, हे त्या काळाच्या मानाने पुष्कळच म्हणावे लागेल.

कोर्टातल्या दुभाष्याकडे आपण जरा थांबून पाहू, कारण तो आजही हयात आहे. १८७३ च्या शपथविधीविषयक कायद्याने साक्षीदाराप्रमाणेच दुभाष्यानेही शपथ घेतली पाहिजे असे ठरवले. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत असे आले की आरोपीला न समजणाऱ्या भाषेत साक्ष झाली तर ती त्याला समजेल अशा भाषेत, उघड न्यायालयात, सांगितली पाहिजे. तोपर्यंत दुभाषी धन्याला बांधलेला होता, आता तो शपथेने बांधला गेला. कागदावर तरी. भाषांतर करणारा सरकारचा माणूस असेल तर काय होते याचा सर्वांत गाजलेला दाखला १९०८ चा. केसरीतल्या 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' या लेखांवरून टिळकांवर मुंबईच्या हायकोर्टात राजद्रोहाचा खटला चालला. ज्युरीत सात युरोपियन आणि दोन पारशी. मूळ मराठी लेख वाचून मत बनवता येईल असे ते मंडळ नव्हते, त्यांच्यापुढे होते ते सरकारी भाषांतर. टिळकांनी ओरिएंटल ट्रान्सलेटरच्या कचेरीतल्या भास्कर विष्णू जोशी यांची उलटतपासणी घेतली आणि शब्दाशब्दाला हरकत घेतली. मूळ शब्दापेक्षा भाषांतर अधिक जहाल आहे, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. २२ जुलैला सात विरुद्ध दोन मतांनी ते दोषी ठरले, सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. टिळकांना भाषांतरावर हरकत तरी घेता आली, कारण त्यांना दोन्ही भाषा येत होत्या. ज्याला एकच येते त्याने काय करायचे? भंडारा जिल्ह्यातल्या एखाद्या जंगल-गुन्ह्यात पकडलेल्या गोंड शेतकऱ्याचा जबाब गोंडीतून मराठीत आणि मराठीतून साहेबाच्या इंग्रजीत जाताना त्याचे काय झाले, हे तपासायला कोणी टिळक तिथे नव्हते.

गोंडीच्या बाजूनेही हालचाल झाली, आणि तीही शेजारच्या जिल्ह्यात. १९१८ मध्ये बालाघाटच्या मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी गोंडीसाठी स्वतंत्र लिपी तयार केली. नावामागची 'मुन्शी' ही पदवी पाहिली की नागपूर दरबारातले ते फारसीचे मुन्शी आठवतात. या मुन्शींनी आपली विद्या स्वतःच्या भाषेला दिली. जवळपास शंभर वर्षांनी, २०१७ मध्ये, त्यांच्या लिपीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले. दुसरा प्रयत्न निजामाच्या राज्यात झाला. कुमराम भीम या गोंड नेत्याच्या उठावानंतर तिथे गोंडांच्या प्रश्नाकडे लक्ष देणे सरकारला भाग पडले होते. १९४३ मध्ये आदिलाबाद जिल्ह्यातल्या मार्लवाईला हाइमेनडॉर्फच्या पुढाकाराने गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण सुरू झाले आणि गोंडीतली पहिली वाचनपुस्तके देवनागरीत निघाली. या कामात एक मराठी अधिकारी होते, सेतुमाधवराव पगडी. शिवचरित्राचे आणि मराठ्यांच्या इतिहासाचे अभ्यासक म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण त्यांनी गोंडी शिकून तिचे व्याकरण लिहिले, हे फारसे सांगितले जात नाही. अधिकाऱ्याने दुभाषी नेमण्याऐवजी स्वतः भाषा शिकावी, हा एल्फिन्स्टनचाच मार्ग. फरक एवढा की पगडींना त्या भाषेत बोलणाऱ्यांवर राज्य बसवायचे नव्हते, त्यांच्या मुलांना शाळेत बसवायचे होते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्ये पुन्हा मांडली गेली. विदर्भ मुंबई राज्यात आला, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला, आणि एकाच सग्यासोयऱ्यांच्या गोतावळ्यात एका घराची सरकारी भाषा मराठी तर दुसऱ्याची हिंदी झाली. १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. दोनच वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने 'हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र शासन' या खटल्यात दिलेला निकाल या मागोव्यात फार महत्त्वाचा आहे. हरिकिसन यांना प्रतिबंधक स्थानबद्धतेचा आदेश इंग्रजीत दिला गेला. त्यांनी हिंदीत द्या म्हणून मागणी केली. शासनाचे म्हणणे पडले की पोलीस अधिकाऱ्याने तोंडी समजावून सांगितले आहे, तेवढे पुरे. न्यायालयाने ते मान्य केले नाही. माणसाला आपला बचाव करायचा असेल तर कारणे त्याला समजणाऱ्या भाषेत, लेखी, हातात मिळाली पाहिजेत असे ठरले आणि स्थानबद्धता रद्द झाली. शतकानुशतके ज्या तोंडी 'समजावून सांगितले'वर कारभार चालला होता त्याला कायद्याने पहिल्यांदा एवढ्या स्पष्टपणे अपुरे म्हटले.

आता ती तिबेटची वाट. १९५९ नंतर भारतात आलेल्या निर्वासितांपैकी काहींची वसाहत १९७२ मध्ये आजच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगाव-प्रतापगडच्या जंगलपट्ट्यात उभी राहिली. तिचे नाव नॉर्ग्येलिंग. ज्या देशाच्या ग्रंथपरंपरेत भाषांतरकाराला गुरूचा मान आहे, जिथे भारतीय पंडित आणि तिबेटी लोत्सावा (भाषांतरकार) जोडीने बसून एकेक ग्रंथ उतरवत आणि जिथे रिंचेन झांगपो (९५८ ते १०५५) यांचे नाव आजही 'महान भाषांतरकार' म्हणून घेतले जाते, त्या देशाची माणसे झाडीपट्टीत येऊन मक्याची आणि धानाची शेती करू लागली. गोंडी, मराठी, हिंदी आणि तिबेटी या चार भाषा एका तालुक्यात नांदू लागल्या. इथे वाढलेली तिबेटी मुले शाळेत हिंदी-इंग्रजी शिकली, आजूबाजूच्या गावांत मराठी उचलली, आणि हिवाळ्यात स्वेटर विकायला शहरांत जाणाऱ्या वडीलधाऱ्यांचे दुभाषी झाली. नालंदेच्या पंडितांशी ज्यांच्या पूर्वजांनी संस्कृतात चर्चा केली, त्यांच्या नातवंडांनी तलाठ्याशी मराठीत बोलावे, यात मला विसंगती वाटत नाही. काम तेच आहे.

२१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेने महाराष्ट्रातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी ठरली. पुण्या-नाशिकच्या पक्षकारासाठी ही मोठी सोय झाली. पण सालेकशाच्या गोंड पक्षकारापुढे इंग्रजीच्या जागी मराठी आली, एवढाच बदल झाला. शिवाय न्यायाधीश, डॉक्टर, अधिकारी बहुधा बाहेरचे. त्यांना झाडीबोलीतला 'ण' चा 'न' आणि 'ळ' चा 'र' झालेला कळायलाच काही आठवडे लागतात, मग गोंडीचे काय सांगावे. ग्रामीण रुग्णालयात आपण एखादा दिवस नुसते बसलो तरी जुना दुभाषी नव्या रूपात दिसेल. सत्तरीची आजी बाकावर, शेजारी शाळेच्या गणवेशात नातू. डॉक्टर विचारतात, "आजी, कधीपासून दुखतंय, जेवणाआधी की नंतर, आणि पाळी जाऊन किती वर्षं झाली?" नातू गोंडीत एकच वाक्य बोलतो. आजी हातवारे करत बराच वेळ सांगत राहते. नातू डॉक्टरांकडे वळून म्हणतो, "पोट दुखते म्हनते." तिसरा प्रश्न त्याने विचारलाच नाही, विचारूही शकला नसता, आणि आजीनेही नातवासमोर त्याचे उत्तर दिले नसते. आशा कार्यकर्ती गावातलीच असेल तर ही कोंडी फुटते. गेल्या वीसेक वर्षांत या बाजूच्या अनेक गावांत आरोग्यखात्याचा खरा दुभाषी तीच आहे, तिच्या कामाच्या यादीत दुभाषीपणाचा उल्लेख नसला तरी.

यंत्रेही आता या रांगेत उभी आहेत. सीजीनेट स्वरा या मोबाइल-रेडिओ उपक्रमाच्या पुढाकाराने वेगवेगळ्या राज्यांतले गोंडी भाषक एकत्र बसले आणि २०१८ मध्ये सुमारे ३००० शब्दांचा प्रमाण गोंडी कोश निघाला. राज्यव्यवहारकोशाच्या दुप्पट, पण यावेळी राजाच्या आज्ञेवाचून. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय आदिवासी कार्य मंत्रालयाने 'आदि वाणी' हे भाषांतराचे साधन प्रायोगिक स्वरूपात सुरू केले. संथाली, भिली आणि मुंडारीबरोबर त्यात गोंडी आहे, तीही छत्तीसगडची, म्हणजे दरेकशाच्या पलीकडची. माझे मत असे की औषध कधी घ्यायचे किंवा बस कधी सुटते, इतपत कामाला अशी साधने लवकरच येतील. जबाब, संमती, कबुली यांच्यासाठी शपथ घेऊ शकणारा माणूसच हवा, कारण चुकीचे सांगितले तर त्याला जाब विचारता येतो.

२०११ च्या जनगणनेत देशभरात २९ लाख ८४ हजारांहून अधिक लोकांनी गोंडी ही मातृभाषा सांगितली, आणि ती अजून आठव्या अनुसूचीत नाही. न्यायालयापुरता कायदा मात्र तयार आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३१४ साक्ष आरोपीला समजेल अशा भाषेत सांगायला लावते, कलम ३१७ दुभाष्याला खरेच सांगण्यास बांधते. कायदा माणूस मागतो, माणूस पुरवत नाही. तेव्हा देवरी, सालेकसा, सडक अर्जुनी, अर्जुनी मोरगाव या भागांतल्या ज्या वाचकांना गोंडी आणि मराठी दोन्ही घरच्यासारख्या येतात, त्यांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जाऊन विधी स्वयंसेवक म्हणून अर्ज करावा आणि आपल्याला येणाऱ्या भाषा त्यात ठळकपणे लिहाव्यात. आणि डॉक्टर, तलाठी किंवा शिक्षक म्हणून या भागात बदली होऊन येणाऱ्यांनी पहिल्या महिन्यात गोंडीतली पन्नास वाक्ये शिकावीत. शिकवणारा शोधायला लांब जावे लागणार नाही.